टेकडीचा जमाखर्च

फाल्गुन लागला की पुण्याच्या वेताळ टेकडीचे रूप पालटते. गवत वाळलेले, बहुतेक झाडे निष्पर्ण. आणि नेमक्या याच वेळी काटेसावर, पांगारा व पळस फुलांनी लालकेशरी होतात. मधासाठी बुलबुल, मैना, शिंजीर यांची झुंबड उडते. गोखलेनगर, कोथरूड, पाषाण अशा चहूबाजूंच्या वस्त्यांतून माणसे पायवाटांनी वर येतात. त्यांत निवृत्त शिक्षक असतात, कचेरी गाठण्यापूर्वी तासभर मोकळा श्वास घेणारे कारकून असतात आणि परीक्षेच्या धास्तीतले विद्यार्थीही असतात. या सुखाला तिकीट नाही, म्हणून पावती नाही. आणि पावती नाही, म्हणून नियोजनाच्या हिशेबात त्याची नोंदही नाही.

बालभारती ते पौड फाटा या प्रस्तावित रस्त्याच्या वादाचे मर्म येथेच आहे. टेकडीच्या उतारावरून जाणाऱ्या या रस्त्याविरुद्ध एप्रिल २०२३ मध्ये नागरिकांनी मोठा मोर्चा काढला. लॉ कॉलेज रस्त्यावरील वाहनांची कोंडी खोटी नाही, हे मान्य करावयास हवे. वाचणारी मिनिटे व इंधन यांचे आकडे सहज मांडता येतात. परंतु दुसऱ्या रकान्यात काय लिहावयाचे?

अर्थशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी शोधले आहे. १९४७ साली हॅरॉल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेला एक मार्ग सुचविला. एखाद्या उद्यानासाठी दुरून येणारा मनुष्य प्रवासावर जो खर्च सोसतो, त्यावरून त्या स्थळाचे मोल अजमावता येते. जवळच्या माणसाला तोच आनंद अल्प खर्चात मिळतो. मधला फरक हा त्याचा निव्वळ लाभ. या न्यायाने पाहिल्यास, घरातून चालत टेकडीवर जाणाऱ्याचा खर्च शून्य असतो, म्हणजेच त्याचा लाभ सर्वांत मोठा असतो. टेकडीचे जवळ असणे हीच शहराची संपत्ती होय.

म्हणूनच ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात अन्यत्र झाडे लावू’ हे आश्वासन अपुरे ठरते. लावलेली रोपे कदाचित जगतील. पण वीस कोस दूरचे वन कोथरूडच्या कारकुनाला कामाच्या दिवशी सकाळी लाभणार नाही. शिवाय येथील खडकाच्या भेगांतून मुरणारे पावसाचे पाणीही अन्यत्र नेता येत नाही. मोटारींसाठी अन्य उपाय असू शकतात; सार्वजनिक बससेवा सक्षम करणे हा त्यांतील एक. टेकडीला मात्र पर्याय नाही.

अर्थात, हक्क सांगणाऱ्यांनी कर्तव्यही पाळावयास हवे. वसंतातील वाळल्या गवतावर फेकलेली एक जळती काडी वणवा पेटवण्यास पुरेशी असते. पायवाट न सोडणे आणि कचरा खाली परत आणणे हे मुळीच अवघड नाही. महापालिकेने प्रकल्पाचा अहवाल करताना दुसरा रकाना प्रामाणिकपणे भरावा, आणि नागरिकांनी तो भरल्यावाचून सही होऊ देऊ नये.