ग्रंथपाल दिन आणि ग्रंथपालाचे वेतन

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांचा जन्मदिन, १२ ऑगस्ट, देशभरात राष्ट्रीय ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. प्रतिमेला पुष्पहार, ग्रंथप्रदर्शन, ज्येष्ठ ग्रंथपालाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, असे या दिवसाचे स्वरूप असते. ते उचितच आहे. मात्र रंगनाथन यांचा आग्रह कायद्यासाठी होता, याचे स्मरण या समारंभांत क्वचितच होते.

गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्या निवांत दालनात त्यांचे मन रमेना. काही दिवसांतच त्यांनी अध्यापनाकडे परतण्याची इच्छा व्यक्त केली. पुढे प्रशिक्षणासाठी ते लंडनला गेले. तेथील ग्रंथालये समाजाच्या सर्व थरांना कशी सेवा देतात हे त्यांनी पाहिले आणि ते परतले ते कायमचे ग्रंथपाल होऊन. १९३१ मध्ये त्यांची पंचसूत्री प्रसिद्ध झाली. ग्रंथ वापरासाठी असतात, हा तिचा पाया. पण वापर वाढवायचा तर निधी निश्चित हवा. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९४८ मध्ये मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला आणि मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर लागू झाला.

ग्रंथालये हा राज्यसूचीतील विषय असल्याने प्रत्येक राज्याची वाट वेगळी. कर्नाटक आणि केरळने उपकर स्वीकारला. महाराष्ट्राच्या १९६७ च्या कायद्यात तो नाही. येथे लोकांनी स्थापन केलेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनुसार शासन अनुदान देते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे. ही परंपरा मोडून सर्व काही शासनाधीन करावे, असे कोणी म्हणणार नाही.

उपकर हाही रामबाण उपाय नव्हे. वसूल झालेली रक्कम स्थानिक संस्था ग्रंथालयांकडे वेळेवर वर्ग करत नाहीत, ही कर्नाटकातील तक्रार जुनीच आहे. तरीही तेथे हक्क मागण्यास कायद्याचा आधार असतो. महाराष्ट्रात २०२२ मध्ये अनुदानात ६० टक्के वाढीचा निर्णय झाला. परंतु इमारत, वीज, नियतकालिके आणि ग्रंथखरेदी यांच्या बरोबरीने वेतनही त्याच रकमेतून भागवायचे असते. वेतनश्रेणी आणि सेवानियम ही कर्मचाऱ्यांची कित्येक दशकांची मागणी मान्य झालेली नाही. त्यामुळे १२ ऑगस्टला शाल स्वीकारणारे गावोगावचे अनेक ग्रंथपाल दिवसा अन्य रोजगार करतात आणि संध्याकाळी वाचनालयाचे कुलूप उघडतात.