मे महिन्याची मजुरी आणि माईमचं शिबिर

एप्रिल उजाडला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. करणारी मुलंमुली बहुधा घरातली पहिली पदवीधर. कुणी बी.ए. करून घरी बसलेलं, कुणी एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला. कुठेतरी माईम आणि शारीर रंगभूमीचं तीन-चार आठवड्यांचं निवासी शिबिर असतं, फॉर्म भरायची तारीख जवळ आलेली असते. "मॅडम, जाऊ का?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "आपल्याला जमेल का तिथं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर हो. दुसऱ्यासाठी थोडं सविस्तर बोलावं लागेल.

माईम म्हटलं की आपल्याला पांढरं तोंड रंगवून नसलेल्या भिंतीवर हात फिरवणारा माणूस आठवतो. ती ओळख मार्सेल मार्सोची. पण मार्सोचे गुरू एतिएन दक्रू (जन्म 1898) हे वेगळं प्रकरण होतं. नाटकात येण्याआधी त्यांनी प्लंबर, गवंडी, खाटिक अशी अंगमेहनतीची कामं केली होती. त्यांनी उभ्या केलेल्या शारीर माईमच्या गाजलेल्या रचनांचे विषय बघा : सुतार, कपडे धुणं, कारखाना. ओझं उचलताना, दोर ओढताना, गाडा ढकलताना शरीर आपला तोल कसं सांभाळतं, हा त्या शिक्षणाचा पाया आहे. म्हणजे ज्या विद्येला आपण परदेशी आणि उच्चभ्रू समजून बिचकतो, तिचा अभ्यासक्रम आपल्या आईबापांच्या दिवसभराच्या कामाचा आहे.

एका शिबिरात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. अदृश्य दोर ओढायचा व्यायाम होता. शहरातली मुलं दंडानं ओढत होती. विहिरीचं पाणी शेंदत वाढलेल्या एका मुलीनं टाच रोवली, कंबर मागे टाकली, श्वास धरला, आणि दोर दिसायला लागला. शिक्षकांनी सगळ्यांना थांबवून तिच्याकडे बघायला लावलं. त्या मुलीला इंग्रजी येत नव्हतं आणि त्या तासाला त्याची गरजही पडली नाही. जेवणाच्या टेबलावर मात्र पडली. शब्द नसलेल्या कलेच्या शिबिरातही चर्चा, ओळखीपाळखी आणि पुढची कामं शब्दांतच ठरतात, हे लक्षात असू द्या.

आता जरा इतिहास, कारण तो फार बोलका आहे. दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 साली सुरू झालं. त्याच 1959 साली मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा आला. त्यात गाणं, नाचणं, खेळ करून दाखवणं या निमित्तानं सार्वजनिक जागी पैसे घेणंही भिकेच्या व्याख्येत बसवलं गेलं. पुढे हाच कायदा दिल्लीलाही लागू झाला. तिथल्या उच्च न्यायालयानं 2018 मध्ये त्यातल्या अनेक तरतुदी रद्द केल्या. एकाच देशात एक शरीर सभागृहात 'प्रशिक्षित', आणि रस्त्यावर तारेवर चालणारं डोंबाऱ्याचं शरीर गुन्हेगार. हा फरक कौशल्याचा नव्हता. म्हणून कुणी 'लोककला' आणि 'शारीर रंगभूमी' अशी दोन खाती पाडली की मी आधी विचारते, कुणाची जात कुठल्या खात्यात जमा झाली?

उलट बाजूही आहे. तारेवर चालणं हे त्या घरात जन्मल्यामुळे लादलं गेलेलं काम होतं, आणि त्यातून बाहेर पडण्याचा हक्क आपण लढून मागितला. पिढीजात कलेचे गोडवे गाणाऱ्यांनी हे विसरू नये. निवडून शिकलेली कला आणि जन्मानं चिकटलेली कला यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

फ्रान्सच्या झाक लकोक यांनी 1956 मध्ये पॅरिसला शाळा काढली. त्यांचा तटस्थ मुखवटा आता जगभर शिकवला जातो. सवयीचे हावभाव गळून पडावेत, शरीर कोरं व्हावं, हा हेतू. व्यायाम चांगला आहे. वर मान करून, समोरच्याच्या नजरेला नजर देऊन उभं राहणं हे आपल्यासाठी नुसतं नाट्यशिक्षण नाही. पण वाड्यासमोरून जाताना खांदे पाडायला शिकवलेल्या घरातल्या मुलाला "तुझी ही वाईट सवय आहे" असं सांगणारा शिक्षक अर्धंच बघतो आहे. तसंच श्रमदानाचं. अहंकार जावा म्हणून संडास धुण्याची पाळी लावतात. ज्याच्या घरी हे काम कधी कुणी केलं नाही त्याचा अहंकार जात असेल. जिची आई पालिकेत सफाईचं काम करते, तिचं काय जाणार? पाळी सगळ्यांना असावी, यात वाद नाही. फक्त तिला साधना म्हणू नका.

आणि पैसे. फीमाफी मिळाली तरी मे महिन्याची मजुरी बुडतेच. आपल्याकडे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे केटरिंग, मंडपाचं काम, डिलिव्हरी. त्यावर पुढच्या सत्राची फी आणि खोलीभाडं निघतं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात आरक्षण आहे, विद्यार्थ्यांना मासिक शिष्यवृत्ती आहे. खासगी शिबिरांना आरक्षणाचं बंधन नाही, आणि पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांसाठी असते, चार आठवड्यांच्या शिबिरासाठी नाही. मधली ही फट कुणीच भरत नाही. माझी मागणी म्हणून 'सवलती'ची नाही. सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक नाट्यसंस्थेनं निवासी शिबिरात काही जागा बुडीत मजुरीच्या भरपाईसह ठेवाव्यात.

आणि शिबिर डोंगरातल्या आश्रमातच का? अहमदाबादच्या छारानगरात विमुक्त छारा समाजाच्या तरुणांनी 1998 मध्ये बुधन थिएटर उभं केलं, ते वस्तीतल्या वाचनालयातून. पश्चिम बंगालमध्ये कोठडीत मेलेल्या बुधन सबरवरचं नाटक त्यांनी स्वतःच्या अंगावर उभं केलं. प्रशिक्षक चार आठवडे वस्तीत येऊन राहिला आणि तालीम संध्याकाळी कामानंतर झाली, तर शिकणाऱ्याची मजुरी बुडत नाही.

तोवर फॉर्म भरणाऱ्यांनी संस्थेला एक ईमेल जरूर टाकावा. गेल्या वर्षी किती जणांना फीमाफी दिली, मेसमध्ये अंडी-मांस चालतं का, शिकवण्याची भाषा कुठली, जातीवरून त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची. उत्तर आलं तर मलाही पाठवा. आलं नाही तर तेही कळवा. पुढच्या एप्रिलमध्ये फोन करणाऱ्यांना सांगता येईल.