पणजीच्या लुगड्याचा रंग

हल्लीं आमचे कित्येक विद्यार्थी पणजोबा-पणजींचीं जुनीं छायाचित्रें संगणकावर घेऊन त्यांस हवी ती रंगमाला चढवितात. फोटोशॉपसारखी आज्ञावली मूळ चित्रांतील उजेड-अंधार तसाच ठेवून त्यावर नवे रंग बसविते. करामत गमतीची खरी. परंतु या रंगांस पुरावा कोणता? त्या काळच्या छायाचित्रणाच्या पुष्कळशा काचांस तांबडा प्रकाश दिसतच नसे. त्यामुळें कपाळींचें लाल कुंकू काळें उतरे, आणि निळें आकाश पांढरें फटक! तेव्हां चित्रांत काळें दिसणारें लुगडें वस्तुतः लालही असेल. यंत्र त्यास बेलाशक हिरवें करून मोकळें होतें.

१९६० सालचा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्यें रंगवून पुन्हां दाखविला गेला. पण त्याचा कांहीं भाग मुळांतच रंगीत होता, ताडून पाहावयास आधार होता. घरच्या चित्रास आधार एकच, तें लुगडें डोळ्यांनीं पाहिलेलीं वडील माणसें. आणि त्यांस कोणी विचारीत नाहीं.

पालकांनीं मूळ प्रत जपावी, रंगविलेल्या प्रतीच्या पाठीवर ‘रंग कल्पित’ असें शाईनें लिहावें, आणि संगणक उघडण्यापूर्वीं मुलांस आजीकडे धाडावें, असें आमचें मत आहे.