सशाचे पोट आणि घरातले औषध

घरचा ससा खायचा थांबला, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद पडल्या, की ‘उद्या बघू’ म्हटले जाते. हा उशीर जिवावर बेततो. सशाला उलटी होत नाही आणि त्याचे आतडे सतत हलते राहावे लागते. बारा तास पोटात काही गेले नाही, तर वेळ तातडीची समजावी.

‘मुलाचे उरलेले अमॉक्सिसिलिन सशाला चालेल का?’ असे पालक विचारतात. मुळीच नाही. सशाच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू तंतुमय चारा पचवतात. तोंडावाटे दिलेले हे औषध त्यांनाच मारते, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो.

पशुवैद्य आतड्यात अडथळा नाही ना हे तपासतात. मग सलाइन, वेदनाशामक आणि सिरिंजने भरवणे हे उपचार होतात.

रोजचे मुख्य अन्न सुके गवतच हवे. आयुष्यभर वाढणारे दातही त्यानेच झिजतात. गाजर, बिस्किटे हा खाऊ, जेवण नव्हे.

ससा आणण्याआधी सशांवर उपचार करणारा पशुवैद्य शोधून ठेवावा. तो सापडत नसेल, तर मुलांचा हट्ट न पुरवलेलाच बरा.