हक्काची जागा

अमेरिकेतील विद्यापीठांच्या मुलींचा फुटबॉल हंगाम नोव्हेंबरच्या आरंभी निर्णायक टप्प्यावर येतो. ऑगस्टमध्ये सुरू झालेले नेहमीचे सामने तोवर आटोपत आलेले असतात आणि प्रत्येक संघापुढे एकच प्रश्न असतो : पुढे खेळावयास मिळणार, की हंगाम इथेच संपणार? आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तेथे सॉकर म्हणतात. आणि फुटबॉल हे नाव त्यांनी अंगावर कवच चढवून, चेंडू बहुतांशी हातांनी पुढे नेण्याच्या एका वेगळ्याच पुरुषी खेळाला दिले आहे. नावांचा हा घोळ गमतीचा खरा. परंतु त्या दुसऱ्या ‘फुटबॉल’ने मुलींच्या खेळावर आज जी छाया पाडली आहे, ती मात्र गमतीची नाही.

ह्या स्पर्धेची रचना समजून घेण्याजोगी आहे. तेथील विद्यापीठे आठ-दहांपासून अठरापर्यंतच्या मंडळांत विभागलेली आहेत. अशा मंडळास ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. सर्वांत वरच्या श्रेणीत मुलींचे साडेतीनशेच्या आसपास संघ आहेत. एका कॉन्फरन्समधील संघ प्रथम आपापसांत खेळतात. मग बहुतेक ठिकाणी त्यांतील अव्वल संघांची छोटी बाद स्पर्धा होते. आणि कॉन्फरन्सचा जो विजेता ठरतो त्याला राष्ट्रीय स्पर्धेत आपोआप प्रवेश मिळतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या चौसष्ट जागांपैकी निम्म्याच्या जवळपास जागा अशा हक्काच्या असतात. उरलेल्या जागांवर कोणास घ्यावयाचे, हे निवड समिती ठरवते. तेथून पुढे हरला तो संपला. बरोबरी झाली तर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा डाव, त्यातूनही निकाल न लागला तर पेनल्टी. सहा फेऱ्या पार करील तो राष्ट्रविजेता.

ह्या सर्व रचनेत मोलाची गोष्ट आहे ती ही हक्काची जागा. निवड समितीपुढे अनेक वर्षे जे मूळ गणित असे, त्यात संघाच्या स्वतःच्या यशाला पाव वजन, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला अर्धे वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या यशाला उरलेले पाव. बलाढ्यांशी खेळणाऱ्याला श्रेय मिळावे, हा हेतू वाजवीच होता. परंतु बलाढ्यांशी खेळावयास मिळते कोणाला? जो बलाढ्यांच्या मंडळात आधीच बसला आहे त्याला. वाढणारा ओळखीचा असला की पंक्तीच्या टोकाला बसले तरी चालते, असे आपल्याकडे म्हणतात. तसाच काहीसा हा प्रकार. हक्काची जागा ह्या व्यवहारास छेद देते. लहान गावातील, लहान निधीच्या विद्यापीठातील मुलींना ती सांगते, की आपले मंडळ जिंका, मग तुम्हांला कोणाच्या मर्जीची गरज नाही.

ही जागा आणि मुळात ही स्पर्धासुद्धा कोणाच्या औदार्यातून आलेली नाही. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ज्या शिक्षणविषयक कायद्यावर सही केली त्याचे नववे प्रकरण, ‘टायटल नाइन’, हे ह्या सर्वांचे मूळ होय. संघराज्याचे आर्थिक साहाय्य घेणाऱ्या कोणत्याही शैक्षणिक उपक्रमात स्त्री वा पुरुष म्हणून कोणासही वगळता येणार नाही, असे अवघ्या सदतीस इंग्रजी शब्दांत सांगणारे त्याचे मुख्य वाक्य. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही. हा कायदा घडवणाऱ्यांत हवाईच्या लोकप्रतिनिधी पॅट्सी मिंक अग्रभागी होत्या. तरुणपणी त्यांना वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. मग त्या वकील झाल्या. २००२ मध्ये त्यांच्या निधनानंतर ह्या कायद्याला त्यांचेच नाव देण्यात आले.

कायदा झाला म्हणजे काम झाले, असे मात्र घडले नाही. ज्या एनसीएए संस्थेच्या नावाने आज ही राष्ट्रीय स्पर्धा मोठ्या थाटाने भरते, त्याच संस्थेने सत्तरीच्या दशकात हा कायदा खेळांना लागू होऊ नये म्हणून शर्थीचे प्रयत्न केले. पुढे १९८४ मध्ये ग्रोव्ह सिटी महाविद्यालयाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला, की महाविद्यालयाच्या ज्या विभागास सरकारी साहाय्य पोहोचते तेवढ्यालाच कायद्याचे बंधन. क्रीडा विभागांना असे थेट साहाय्य क्वचितच मिळत असल्याने त्यांच्यापुरता कायदा चार वर्षे जवळजवळ निर्जीव झाला. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांचा नकाराधिकार धुडकावून तेथील संसदेने त्यात पुन्हा प्राण भरला. मिळालेला हक्क राखण्यासाठी मिळवताना लागतात तेवढेच कष्ट लागतात, ह्याचे हे बोलके उदाहरण होय.

त्या कष्टांचे फळ आकड्यांत दिसते. १९७१-७२ मध्ये अमेरिकेच्या माध्यमिक शाळांतील क्रीडा संघांत तीन लाखांहूनही कमी मुली होत्या. आज त्या तीस लाखांहून अधिक आहेत. एनसीएएची मुलींची पहिली फुटबॉल स्पर्धा १९८२ मध्ये बारा संघांनिशी झाली. २००१ पासून तीत चौसष्ट संघ खेळू लागले. ती पहिली स्पर्धा जिंकणाऱ्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने २०२४ पर्यंत बावीस वेळा विजेतेपद मिळवले. त्यांचे प्रशिक्षक अॅन्सन डोरन्स यांनीच १९९१ मध्ये चीनमध्ये झालेल्या पहिल्या महिला विश्वचषकात अमेरिकेस विजयी केले. त्यानंतर १९९९, २०१५ आणि २०१९ असे आणखी तीन विश्वचषक त्या देशाने जिंकले. ज्या देशाच्या पुरुषांना हा चषक एकदाही जिंकता आलेला नाही, त्या देशाच्या स्त्रियांनी तो चार वेळा उचलला. ह्यामागे विद्यापीठांच्या मैदानांची तपश्चर्या आहे.

आज ह्या मैदानांवर निराळे संकट आले आहे, आणि ते कायद्याच्या विरोधकांकडून नव्हे तर दूरचित्रवाणीच्या पैशाकडून आले आहे. पुरुषांच्या त्या कवचधारी खेळाच्या प्रक्षेपणाचे करार अधिक किफायतशीर व्हावेत म्हणून विद्यापीठांनी कॉन्फरन्स बदलण्याचा सपाटा लावला. १९१५ पासूनची परंपरा सांगणाऱ्या पॅसिफिक किनाऱ्यावरील ‘पॅक-१२’ कॉन्फरन्समधून २०२४ मध्ये बारांपैकी दहा विद्यापीठे बाहेर पडली. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड हे ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्सचे सभासद झाले. पॅसिफिकच्या काठचे विद्यापीठ अटलांटिकच्या मंडळात! पुरुषांचा तो संघ आठवड्यातून एक सामना खेळतो. फुटबॉल खेळणाऱ्या मुली मात्र आठवड्यात बहुधा दोन सामने खेळतात, आणि त्यासाठी त्यांना खंड ओलांडून, वेळेतील तीन तासांचा फरक सोसून, परत येऊन वर्गात बसावे लागते. करार एकाच्या खेळाचा, प्रवास दुसरीच्या नशिबी.

ह्याचा परिणाम स्पर्धेवरही दिसू लागला आहे. २०२४ च्या उपान्त्य फेरीतील चारही संघ, म्हणजे नॉर्थ कॅरोलिना, ड्यूक, वेक फॉरेस्ट आणि स्टॅनफर्ड, एकाच अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सचे होते. २०२५ चा अंतिम सामनाही त्याच मंडळातील फ्लोरिडा स्टेट आणि स्टॅनफर्ड यांच्यात झाला. त्या मुलींच्या कर्तृत्वात काडीचेही उणे नाही. परंतु सामर्थ्य एकाच ओसरीवर साठू लागले, की उरलेल्यांची हक्काची जागा ही केवळ पहिल्या फेरीत हरण्याची परवानगी ठरण्याची भीती असते.

त्यात जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या एका मोठ्या तडजोडीने विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा दिली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठास सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. खेळाडूंच्या घामाचा पैसा खेळाडूंना मिळावा, हे न्याय्यच. पण मागील वर्षांच्या भरपाईची सुमारे २८० कोटी डॉलरची जी रक्कम ठरली, तिचा बहुतेक भाग पुरुषांच्या दोन खेळांकडे जातो असे पाहून काही महिला खेळाडूंनी १९७२ च्या त्याच कायद्याचा आधार घेत अपील केले. त्यांचा प्रश्न सरळ आहे : दार उघडण्याच्या वेळी जो कायदा होता, तो वाटणीच्या वेळी कोठे गेला?

हे सारे सातासमुद्रापलीकडचे. त्याचे आपल्याला काय, असे कोणी विचारील. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी भुवनेश्वर येथे सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात अमेरिकेने भारतावर आठ विरुद्ध शून्य असा विजय मिळवला. त्याच स्पर्धेचे दोन्ही उपान्त्य सामने आपल्या फातोर्ड्याच्या मैदानावर झाले. स्पेन, जर्मनी, कोलंबिया आणि नायजेरियाच्या मुली तेथे खेळल्या. आपण उत्तम यजमान ठरलो. मात्र त्या आठ गोलांचे कारण आपल्या मुलींच्या पायांत शोधणे अन्यायाचे होईल. एका बाजूला पन्नास वर्षांचा कायदा, शाळा, विद्यापीठ, ठरलेले वेळापत्रक आणि वर जाणारी पायरी. दुसऱ्या बाजूला शिबिरे, जिद्द आणि आईबापांचे उपकार.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत; विभागवार सामने होतात आणि त्यांतून अखिल भारतीय फेरीही होते. पण फोंड्याच्या वा पेडण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या मुलीला त्याच दिवशी कोणी सांगते काय, की ह्या वर्षी तुला इतके सामने मिळतील, अमुक जिंकलेस तर तमुक जागा तुझी, आणि सामन्यासाठी हुकलेली परीक्षा पुन्हा घेतली जाईल? फुटबॉल म्हणजे सासष्टीचा खेळ आणि तोही मुलग्यांचा, ही समजूत आमच्या किती घरांतून अद्याप गेली आहे? बारावी झाल्यावर मुलीचे बूट माळ्यावर टाकणाऱ्या घरांना केवळ दोष देऊन भागणार नाही. त्या बुटांना पुढे कोणती वाट आहे, हे दाखवावयास हवे.

आमच्या मते ह्यासाठी फार मोठा खजिना लागत नाही. जून महिन्यातच जाहीर होणारे आणि मग न बदलणारे वेळापत्रक, सरकारी अनुदान घेणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयावर मुलींना मैदान व प्रशिक्षक समप्रमाणात देण्याचे बंधन, आणि गोव्यातील विजेत्या संघाला पुढच्या स्पर्धेत प्रवासखर्चासह निश्चित प्रवेश, एवढे केले तरी आरंभ होईल. विजयी मुलींना शाल व श्रीफळ देण्यास आपले पुढारी नेहमीच उत्सुक असतात. त्यांनी पुढल्या अर्थसंकल्पात ह्या तीन गोष्टींची तरतूद करून दाखवावी. सत्काराचा दिवस मुली आपण होऊन आणतील.