पडद्यामागची लेखणी

१९५० च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. त्या चळवळीतून वर आलेल्या नगर जिल्ह्यातील नेत्यांची चरित्रे झाली, पुतळेही उभे राहिले. त्यांची भाषणे, पत्रके आणि वृत्तपत्रांस धाडायचे खुलासे लिहिणाऱ्या सहायकांच्या वाट्याला निवृत्तीदिनी येते ती शाल आणि श्रीफळ! यशवंतराव चव्हाण व पुढे पंतप्रधान नरसिंह राव यांच्यापाशी काम केलेल्या राम खांडेकरांनी निवृत्तीनंतर ‘सत्तेच्या पडछायेत’ लिहिले, म्हणूनच दिल्लीच्या कारभाराची आतली बाजू मराठी वाचकांस कळली. गोपनीय ते खुशाल गोपनीय राहो. परंतु धरणाचे पाणी, शिक्षणसंस्था, निवडणुका यांविषयीची या निवृत्तांची टिपणे रद्दीत जाण्यापूर्वी नगरच्या जिल्हा वाचनालयाने आपण होऊन मागून घ्यावीत.