पिकअप घेताना ‘ॲव्हरेज किती देते?’ हा पहिला प्रश्न नाही



आपल्या चॅनेलवर गाडीचा विषय निघाला की मला एकच प्रश्न येतो. “दादा, बोलेरो घेऊ की इंट्रा? ॲव्हरेज कोणाचं चांगलं?” विचारणारा बहुतेक पंचवीस-तीसचा असतो. किराणा होलसेल, खत-बियाणं, फर्निचर, भाजीपाला असा काहीतरी धंदा सुरू केलेला किंवा करायचा असतो, आणि सात-आठ लाखांचं कर्ज डोक्यावर घ्यायची तयारी असते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धंद्याची पिकअप घेताना ॲव्हरेज हा चौथा-पाचवा प्रश्न आहे. त्याला पहिल्या नंबरवर ठेवणारा माणूस बहुतेक वेळा चुकीच्या मापाची गाडी घेऊन येतो. मग डिझेल वाचवूनही महिन्याच्या शेवटी हप्ता कमी पडतो.

आधी तो कंपनीचा आकडा कुठून येतो ते बघा. आपल्याकडे गाड्यांची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांमध्ये होते. साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांसाठी गाडी रोलरवर उभी करतात, ठरलेल्या पद्धतीने सुमारे २० मिनिटं चालवतात, आणि त्यात सर्वात जास्त वेग ९० चा असतो. वजन जवळपास रिकाम्या गाडीचंच धरलेलं असतं. म्हणजे हौद्यात सोयाबीनचे कट्टे नाहीत, वर फडफडणारी ताडपत्री नाही, बाजार समितीच्या गेटवर अर्धा तास चालू ठेवलेलं इंजिन नाही. तो आकडा खोटा नाही बरं का. तो दोन गाड्या एकाच मापाने तोलायला ठीक आहे. पण तुमच्या मंगरूळपीर-अकोला फेरीचा तो आकडा नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता आपल्या रस्त्यावर कोणत्या गाड्या आहेत ते पटकन बघू. २००५ मध्ये टाटा एस आली, आपला छोटा हत्ती, आणि ७०२ सीसीच्या दोन सिलिंडरच्या इंजिनाने गावागावातली वाहतूक बदलून टाकली. २०११ मध्ये अशोक लेलँडचं दोस्त आलं, दीड लिटरच्या आसपासचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि सव्वा टनाचं पासिंग घेऊन. २०१९ मध्ये टाटा इंट्रा आली. तिच्यातल्या व्ही३० चं पासिंग १,३०० किलो, व्ही५० चं १,५०० किलो. आणि महिंद्राची बोलेरो पिकअप, २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं दणकट इंजिन. मॅक्स मालिकेत १.३ टनांपासून २ टनांपर्यंत पासिंग मिळतं. टाटा योद्धा २.० सुद्धा २ टनांची आहे, २.२ लिटर इंजिनाची. (यूट्यूबवर परदेशातल्या ‘मिड-साइज पिकअप’च्या तुलना बघून कोणीतरी टोयोटा हायलक्सचं पण विचारतं. सुंदर गाडी आहे. पण तीस लाखांच्या घरातली गाडी घेऊन तुम्ही पाईप वाहणार नाही. सोडून द्या.)

म्हणजे खरी तुलना दोन गटांची आहे. एका बाजूला दीड लिटरच्या आसपासचं इंजिन आणि सव्वा ते दीड टन माल, दुसऱ्या बाजूला सव्वादोन-अडीच लिटरचं इंजिन आणि पावणेदोन-दोन टन माल. पहिल्या गटाचं ॲव्हरेज जास्त येणारच, त्यात नवल नाही.

आता हिशेब करू. मंगरूळपीर ते अकोला साधारण सत्तर किलोमीटर धरा, डिझेल ९२ रुपये धरा. तुमच्या पंपावर जो भाव असेल तो टाका, पद्धत तीच राहील. समजा मोठी पिकअप १,७०० किलो भरून जाताना लिटरला १० देते आणि रिकामी येताना १४. जाताना ७ लिटर, येताना ५, एकूण १२ लिटर, म्हणजे १,१०४ रुपये.

इथे जरा थांबा. १० आणि १४ ची सरासरी १२ असं आपण पटकन म्हणतो. पण १४० किलोमीटरला १२ लिटर म्हणजे ११.६७. जाताना डिझेल जास्त जळतं, त्यामुळे खरी सरासरी नेहमी वाईट आकड्याकडे झुकते. फेऱ्या वाढल्या की हा छोटा फरक पण वहीत दिसायला लागतो.

छोटी पिकअप १,३०० किलो भरून समजा १४ देते, रिकामी १७.५. जाताना ५ लिटर, येताना ४, एकूण ९ लिटर, ८२८ रुपये. बघितलं की वाटतं, झालं, छोटी जिंकली, फेरीमागे २७६ रुपये वाचले. पण माल किती गेला? मोठीने १७ क्विंटल नेले, क्विंटलला ६५ रुपये पडले. छोटीने १३ क्विंटल नेले, क्विंटलला ६४ रुपये. दोन्ही सारख्याच! लिटरमागे तीन-चार किलोमीटरचा तो मोठा फरक कुठे गेला? तो हौद्यात गेला.

म्हणून पहिला प्रश्न हा आहे : तुमचा नेहमीचा माल किती? वर्षातून दोनदा येणारी मोठी ऑर्डर नाही, नेहमीचा. तो ८ क्विंटल असेल तर मोठी गाडी क्विंटलला १३० रुपयांच्या पुढे डिझेल खाईल आणि छोटी शंभराच्या आसपास. तो १६ क्विंटल असेल तर छोटीला दोन फेऱ्या, म्हणजे १,६५६ रुपये आणि चालकाचा अख्खा दिवस. मोठी १,१०४ मध्ये मोकळी. माझं दुकान पाईप आणि हार्डवेअरचं आहे. पाईपचं वजन कमी आणि लांबी वीस फूट. मला टनाशी देणंघेणं कमी, हौद्याची लांबी आणि वरची जाळी महत्त्वाची. पाईप हौद्याबाहेर लटकवत नेणं नियमात बसत नाही आणि धोक्याचं पण आहे. सिमेंट विकणाऱ्याचं गणित बरोबर उलटं, त्याचा हौदा अर्धा रिकामा दिसतो आणि पासिंग संपलेलं असतं. दोघांनी एकमेकांचं ऐकून गाडी घेतली तर दोघं पण फसले.

लगेच कोणीतरी म्हणेल, “छोट्या गाडीत दोन टन टाकू ना, लोक टाकतातच.” टाकतात. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड लिहिलेला आहे. एका पावतीत तुमची सत्तर-बहात्तर फेऱ्यांची २७६ रुपयांची बचत जाते. शिवाय टायर, क्लच, पाटे. आणि अपघात झाला तर विम्याचं भांडण वेगळं.

दुसरा प्रश्न परतीच्या भाड्याचा. माझ्या मते सगळ्या विषयाचा जीव इथे आहे. वरची मोठी गाडी अकोल्याहून येताना पण १७ क्विंटल घेऊन आली तर एकूण १४ लिटर लागतील, १,२८८ रुपये. पण माल ३४ क्विंटल हलला, क्विंटलला ३८ रुपये. पासष्टचे अडतीस! फक्त दोन लिटर जास्त जाळून. असं ॲव्हरेज कोणतीच कंपनी इंजिनात बसवून देऊ शकत नाही. आपल्याकडून सोयाबीन, तूर, हंगामात संत्रा बाहेर जातो. बाहेरून किराणा, खत, प्लास्टिक, प्लायवूड आत येतं. दोन्ही बाजूंचा माल आहे, फक्त तो एका माणसाच्या हातात नाही. म्हणून गाडी बुक करायच्या आधी अकोल्यातले, अमरावतीतले तीन व्यापारी असे शोधा ज्यांना आपल्या बाजूला आठवड्याला काहीतरी पाठवायचं असतं. हे काम शोरूमच्या चार चकरांपेक्षा जास्त पैसे देतं.

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो, त्यामुळे नागपूरची स्वप्नं पण सुरू झाली आहेत. छानच. पण एप्रिल २०२५ पासून हलक्या मालवाहू गाडीला तिथे किलोमीटरला ३.३२ रुपये टोल आहे. रिकाम्या पिकअपचं डिझेल किलोमीटरला साडेसहा-सात रुपये पडतं. म्हणजे टोल म्हणजे डिझेलच्या जवळपास निम्मा जास्तीचा खर्च. त्यात सरळ रस्ता बघून चालक पाय दाबून ठेवतो. पिकअप म्हणजे वाऱ्याला आडवी धरलेली पेटी, साठच्या वर वेग नेला की वारा डिझेल खायला लागतो, आणि हौद्यावर उंच माल असेल तर आणखी जास्त. वेळेचे पैसे मिळत असतील, संत्रा किंवा भाजी सकाळच्या बाजाराला पोचवायची असेल, तर समृद्धी परवडते. लोखंड न्यायला नाही.

आता तिसरी गोष्ट, आणि ही ऐकायला कोणाला आवडत नाही. ७ लाखांचं कर्ज, ५ वर्षं, १०.५ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण १५,०५० रुपये येतो. गाडी महिन्यात १२ दिवस चालली तर प्रत्येक चालत्या दिवसावर १,२५४ रुपये हप्ता बसतो. वरचं डिझेल बघा : १,१०४ आणि ८२८. म्हणजे उभी राहणारी गाडी डिझेलपेक्षा जास्त खाते! २५ दिवस चालली तर तोच हप्ता दिवसाला ६०२ वर येतो. बोलेरो की इंट्रा या वादात जेवढे पैसे आहेत त्याच्या दुपटीहून जास्त पैसे १२ दिवस की २५ दिवस यात आहेत. त्यात विमा आणि चालकाचा पगार मी धरलेलाच नाही.

म्हणून माझा सल्ला थोडा कडू आहे. तुमच्या स्वतःच्या मालाला महिन्याला बारा-तेरा दिवसच गाडी लागत असेल आणि बाकी दिवसांचं भाडं बांधलेलं नसेल, तर सध्या भाड्याची पिकअप वापरा. दुकानासमोर स्वतःच्या नावाची गाडी उभी असली की गावात इज्जत वाढते, हे मला माहीत आहे. घरचे पण खूश होतात. पण बँक इज्जत जमा करून घेत नाही. मुद्रातून कर्ज मिळतं म्हणून गाडी घ्यायची हा उलटा रस्ता आहे.

घ्यायचीच ठरलं तर कागदाच्या दोन-तीन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे त्याआधीच्या किमतींवर कोणी जुनी गाडी विकायला आला तर नव्याचा आजचा भाव समोर ठेवून बोला. तुमचं दुकान नियमित जीएसटीत असेल, कंपोझिशनमध्ये नसेल, तर स्वतःच्या धंद्याच्या मालवाहू गाडीवरच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं. डिझेल जीएसटीत नाही, त्याचं काहीच परत येत नाही. सीएला विचारूनच बिल बनवा. आरसीवर एकूण वजन ३,००० किलोच्या आत असेल तर परमिट लागत नाही, हे पण बघून घ्या. आणि ७,५०० किलोपर्यंतच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलं आहे.

सीएनजीबद्दल एवढंच, की तो किलोवर मिळतो, डिझेल लिटरवर. दोघांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका, दोन्ही रुपयांत आणा. टाकीचं वजन पण मालातून जातं. मारुती सुपर कॅरीचं पेट्रोल मॉडेल ७४० किलोचं आणि सीएनजी ६२५ किलोचं, यातच समजा. आणि तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर पंप आहे का, तिथे रांग किती असते, हे स्वतः जाऊन बघा.

खरं ॲव्हरेज काढायचंच असेल तर ते शोरूममधून नाही, पंपावरून काढायचं. टाकी पहिल्या कटऑफपर्यंत फुल्ल, मीटरचा फोटो, नेहमीच्या मालाने तीन-चार फेऱ्या, मग त्याच पंपावर पुन्हा पहिल्या कटऑफपर्यंत फुल्ल. किलोमीटरला लिटरने भागा. दोनशे रुपयांचं डिझेल टाकून ‘काट्यावर बघू’ हा प्रकार बंद करा. वहीत भरलेली फेरी आणि रिकामी फेरी वेगळी लिहा, आणि वजन धरमकाट्याच्या पावतीवरून लिहा, हमालाच्या अंदाजावरून नको. आकडा अचानक पडला तर आधी टायरची हवा, मग एअर फिल्टर, मग चालकाची सवय बघा. बीएस६ डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असेल आणि गाडी दिवसभर गावातल्या गावातच फिरत असेल, तर तो भरतो आणि साफ होताना जास्तीचं डिझेल जाळतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी लांब, सलग फेरी द्या. निव्वळ गावातल्या डिलिव्हरीसाठी, अर्ध्या टनाच्या आत माल असेल तर मी डिझेल घ्यायला सांगणारच नाही. जून २०२५ मध्ये आलेली एस प्रो पेट्रोल ७५० किलोची आहे, ती आणि सुपर कॅरी आधी बघून या.

बुक करायच्या आधी डीलरकडे डेमो गाडी मागा आणि तुमचाच माल, तुमच्याच रस्त्यावर, एक फेरी नेऊन बघा. डिझेल तुमचं टाका, हवं तर त्यांचा माणूस शेजारी बसू द्या. जो डीलर रिकाम्या गाडीत बायपासवर एक चक्कर मारून परत आणतो, त्याच्याकडे सही करायची घाई करू नका. दुसऱ्या डीलरकडे विचारा, आणि तोपर्यंत त्याच मॉडेलचे दोन चालक बाजार समितीत गाठून त्यांना भरलेल्या गाडीचा आकडा विचारा. मालकाला नको, चालकाला विचारा.